सगळे आले

शर्यतीच्या आदल्या रात्री मला जनरेटरसाठी पेट्रोल आणायला पाठवलं होतं. शुक्रवार होता, साडेनऊ वाजून गेले होते. कॅन घेऊन मी शाळेच्या हॉलवर परतलो, तर व्हॉलंटिअर पोरं गोल करून बसली होती. कुणी वाट दाखवायला झुडपांना बांधायच्या रिबिनी कापत होतं, कुणी त्यांना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवत होतं. भिंतीशी केळ्यांची खोकी आणि पाण्याचे जार. मधोमध जीपवाले काका, पाय पसरून.

"काका, उद्या रात्रभर डोंगरावर बसायचंय. काहीतरी अंगावर काटा आणणारं सांगा ना," एक चष्मेवाली म्हणाली.

"भुताचं?"

"नाहीतर काय, बटाट्याच्या भावाचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. पोरं सगळी नवी होती. मी सामान आणून देतो, एवढंच त्यांना माहीत. मी कॅन खाली ठेवला आणि म्हणालो, "सांगा की काका." का म्हणालो, माहीत नाही. माझी जीभ नेहमी माझ्या आधी धावते. म्हणून तर घरी मला भोंगा म्हणतात.

काकांनी घसा साफ केला. "खोटं वाटेल तुम्हाला. पण माझ्या ओळखीच्या एका पोराच्या बाबतीत घडलंय. ह्याच डोंगरावर. मागच्या शर्यतीला."

तो पोरगा मी.

"त्याचा थोरला भाऊ शर्यतीत सगळ्यात शेवटी चालायचा," काका म्हणाले.

"म्हणजे दरवेळी हरायचा?"

"अरे, कामच ते! शेवटचा धावणारा असतो ना, त्याच्या मागून चालायचं. कुणी वर राहिलं नाही ना, ते बघायचं. आणि येताना ह्या रिबिनी सोडून गोळा करायच्या."

"म्हणजे शेपूट!" उंच पोरगा म्हणाला, आणि सगळे हसले.

ते नाव दादाला मीच दिलं होतं. तो खाली उतरताना दिसला की मी माइकवर ओरडायचो, "आणि हे आलं आपलं शेपूट!" लोक टाळ्या वाजवायचे, दादा हात हलवायचा. एकदा घरी जेवताना हळूच म्हणाला, "लोकांसमोर नको रे म्हणत जाऊस." पुढच्या शर्यतीला मी परत म्हटलं.

"वर्ष झालं त्याला. मागच्याच्या आधीची शर्यत," काका सांगत होते. "शेवटचा धावणारा रात्री दोनच्या सुमाराला खाली पोचला. थोरला मागून येतच होता, रिबिनी सोडत. धाकटा खाली, शर्यत संपते त्या कमानीपाशी. आणि नेमकं जनरेटरचं पेट्रोल संपलं. दिवे गेले. वरच्याला खालचं काही दिसेना. फाट्यावर चुकला... सकाळी खाली घळीत सापडला."

कात्र्या थांबल्या.

पेट्रोल संपलं नव्हतं. शेवटचा धावणारा आला तेव्हा मी त्याला विचारलं, दादा कुठाय? तो म्हणाला, "मागेच आहेत. माझी बॅटरी गेली, तर त्यांची दिली मला. म्हणाले, खालचे दिवे दिसतायत, मला तेवढे पुरे." हे त्याने मला सांगितलं. माझ्या तोंडावर सांगितलं. मी ऐकलं, आणि ते कानातून आत गेलंच नाही. धावणाऱ्यांचे सगळे नंबर आले होते. दादाला नंबर नव्हता. जो सगळ्यांच्या मागून चालतो, त्याला कोण नंबर देतं? सकाळी त्याच्याशी भांडण झालं होतं, झोप डोळ्यांवर आली होती. मी माइकवर ओरडलो, "सगळे आले!" आणि जनरेटरचं बटण दाबलं.

आईने मला एकदाच विचारलं. "दिवा चालू ठेवला होतास ना रे?" मी म्हणालो, "पेट्रोल संपलं, आई." काका शेजारीच उभे होते. सगळं माहीत असून गप्प राहिले. तेव्हापासून माझं खोटं तेच सांभाळतायत.

"मग सहा महिन्यांनी पुढची शर्यत आली," काका म्हणाले. "धाकट्याने मनाशी ठरवलं होतं, सूर्य उगवल्याशिवाय दिवा बंद करायचा नाही. काहीही होवो. शनिवारची रात्र, पावणेतीन वाजलेले. शेवटची धावणारी आली. तिच्या मागे चालणारे दोघंही आले. ह्या खेपेला त्यांनाही नंबर दिले होते. सगळे हॉलवर झोपायला गेले. समोरच्या उतारावरच्या रिबिनी सकाळी काढायच्या म्हणून तशाच ठेवल्या होत्या. खाली राहिलो आम्ही दोघं. मी जीपमध्ये. जीपचे दिवे उतारावर सोडलेले. आणि त्या उजेडात ह्या पट्ट्या... वरपासून खालपर्यंत चमकतायत. एकाखाली एक."

त्यांनी खालची एक पट्टी उचलून बल्बसमोर धरली.

"धाकट्याने माइक घेतला. फक्त एवढंच म्हणायचं होतं, सगळे आले. पण तोंड उघडेना. मी म्हटलं, बोल बाबा, बोलून टाक. तो नुसता वर बघत उभा. आणि सगळ्यात वरची पट्टी विझली."

"वाऱ्याने पडली असेल," उंच पोरगा म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. वारा नव्हता. थोडा वेळ गेला. मग तिच्या खालची विझली."

उंच पोरग्याने हातातली रिबीन खाली ठेवली.

"गाठ सोडायला जेवढा वेळ लागतो ना... तेवढा वेळ जायचा. मग पुढची. दगड हलल्याचा आवाज नाही. पाऊल नाही. पट्टी दिसायची... दिसायची... आणि नाही. मग तिच्या खालची."

"काका, भुताला खाली पोचायचा कटऑफ किती वाजताचा असतो हो?" उंच पोरग्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच बरा वाटला नाही. चष्मेवालीने त्याला कोपर मारलं.

"अर्धा उतार काळा झाला," काका म्हणाले. "मग त्याहून जास्त. मग फाटा ओलांडून अलीकडे..."

"आणि तो धाकटा?"

काका थांबले. त्यांनी मी आणलेल्या कॅनकडे बघितलं. "नेमकं पेट्रोल संपलं," ते म्हणाले.

"परत?" चष्मेवाली म्हणाली. "असं कसं हो, बरोब्बर तेव्हाच?"

"असतं एकेकाचं नशीब."

टाकी गच्च भरली होती. मी स्वतः भरली होती. शेवटच्या चार-पाच पट्ट्या उरल्या, तेव्हा दादा आला असं माझ्या मनात आलं नाही. मला घ्यायला आलंय काहीतरी, एवढंच आलं. सहा महिने रोज रात्री मी म्हणत होतो, एकदा दिसू दे, एकदा फक्त उजेडात खाली येऊ दे त्याला. आणि तो उजेडात आला, तर मी धावत गेलो आणि बटण दाबलं. तिथून जीपकडे पळालो. "दिवे बंद करा, बंद करा!" ओरडत काकांच्या हातावरून वाकून जीपचेही दिवे मीच घालवले. माझ्या बाजूची काच वर केली. दादा दुसऱ्यांदा अंधारात राहिला. दोन्ही वेळा माझ्याच हाताने.

"मग?" कुणीतरी कुजबुजलं.

"मग अंधार. आम्ही दोघं जीपमध्ये. काचा वर. आमचा श्वास तेवढा ऐकू येतोय." काकांचा आवाज खाली गेला. "आणि बाहेर... जनरेटरची दोरी कुणीतरी ओढली."

मागच्या भिंतीवर टेकून बसलेली दोघं पुढे सरकली.

"ठर्र... नाही लागला."

उंच पोरग्याने दाराकडे बघितलं.

"परत. ठर्र... नाही."

केळ्यांच्या खोक्याशी बसलेल्याने पाय जवळ ओढून घेतले.

"मग बराच वेळ काही नाही. वाटलं, गेलं. आणि तिसऱ्यांदा..."

"लागला?"

"लागला. दिवे आले."

चष्मेवालीने हातातली कात्री खाली ठेवली. "पण काका... पेट्रोल तर संपलं होतं ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तेच तर," ते म्हणाले.

सगळी पोरं एकमेकांना चिकटून बसली. माझं खोटं त्या गोष्टीत असं फिट बसलं, की तेच सगळ्यात भयंकर वाटलं त्यांना. मी मान खाली घालून रिबिनी मोजायचं नाटक केलं.

"आणि त्या पोराने काय केलं मग?"

"काय करणार? उतरला," काका म्हणाले. "त्याचा भाऊच होता ना तो. कमानीखाली जाऊन उभा राहिला. म्हणाला, ये दादा. आणि उजाडेपर्यंत हलला नाही तिथून."

चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. "बिचारा," ती म्हणाली.

मी उतरलो नाही. काका दोनदा म्हणाले, "उतर रे. तुझाच आहे तो." मी डोकं गुडघ्यांत घातलं, कानांवर हात दाबले. तरी जनरेटर ऐकू येत होता. उजाडेपर्यंत चालू होता. मी एकदाही डोकं वर केलं नाही.

"आणि सकाळी काय दिसलं?" उंच पोरग्याने विचारलं.

"काही नाही. उजाडलं," काका म्हणाले. "चला, झोपा आता. चारला उठायचंय."

पोरं उठली. दिव्याचं बटण बंद करायला कुणी तयार होईना, तर काका म्हणाले, "राहू दे चालू."

काकांना एक गोष्ट माहीत नाही. त्या सकाळी ते जनरेटर बंद करायला पुढे गेले, आणि मी माझ्या बाजूने खाली उतरलो. रात्री दव खूप पडलं होतं. जीप सगळी पांढरी झाली होती. टप, बॉनेट, सगळ्या काचा. काकांच्या बाजूची काच तशीच होती, पुढची तशीच, मागचीही. माझ्या बाजूच्या काचेवर मात्र, बाहेरून, एक जागा पुसलेली होती. तोंडाएवढी. आत कुणी राहिलंय का, ते बघायला हाताने पुसावी, तेवढी.