पाटावरचा श्रोता

मे महिन्यातल्या दुपारी ग्वाल्हेरात रस्त्यावर सहसा कुणी दिसत नाही. लूच्या झळा सुटल्या की दौलतगंजातले दुकानदारसुद्धा शटर अर्धं खाली ओढून आत आडवे होतात. अशा दुपारी डोक्यातोंडाला ओढणी गुंडाळून श्रुती हरिशंकरपुरमहून ई-रिक्षानं निघायची आणि दौलतगंजात एका कापडाच्या दुकानावरच्या घरात जिने चढून जायची. काम साधं होतं. इंदुताईंना वाचून दाखवायचं.

इंदुताई तिच्या आईच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. त्यांचा डावा डोळा केव्हाच गेलेला, आणि आता उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला होता. त्या गॅसनं पडदा दाबून धरायचा, म्हणून इंदुताईंनी पंधरवडाभर पालथंच झोपायचं, तोंड खाली, दिवसा आणि रात्री. पडदा चिकटला तर डोळा राहील, सारखं उठबस केली तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. सून नीलम बँकेत नोकरीला, त्यामुळे दुपारभर घरात दुसरं कुणी नसे.

श्रुती अकरावीत होती. वर्गात ती हजेरीपुरतं बोलायची. पण पुस्तकांच्या बाबतीत तिच्याइतकी कडक मुलगी ग्वाल्हेरच्या सबंध लष्कर भागात सापडली नसती. मराठी वाचनालयाच्या सुमनताईंनी तर ती पुस्तक परत द्यायला आली की "झाली का" असं विचारणंच सोडून दिलं होतं. त्या विचारायच्या, "कुठे सोडलीस?" मग श्रुती हळू आवाजात, पण न अडखळता सांगायची. एका कादंबरीची सुरुवात इतकी सुरेख होती की ती जेवायलाही उठली नव्हती, आणि मग लेखकाला घाई झाली आणि त्यानं नायिकेला असाध्य रोग देऊन टाकला. दुसरीत मोलकरणीपासून न्यायाधीशापर्यंत सगळे एकाच माणसासारखे बोलत. तिसरीत कुणाला काही सुचेनासं झालं की पत्र यायचं. जिथे वाक्य खोटं वाजलं तिथे श्रुती पुस्तक मिटायची, आणि शेवट आधी उघडून पाहायची नाही. शेवट चोरून पाहणाऱ्यांना वाचक म्हणू नये, असं तिचं मत होतं. चुलतभाऊ पुष्कर तिला चिडवायचा, "तू पढती कम है, फेल जास्त करते." श्रुतीला ते मनातून आवडायचं.

पहिल्या दिवशी ती पुस्तक उघडून बसली तेव्हा इंदुताई उशीत तोंड खुपसूनच म्हणाल्या, "आधी समोर पाट मांड."

इंदुताईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पोथी वाचली जायची. रामकथा वाचताना समोर एक रिकामा पाट मांडायचा, शेजारी पाण्याची वाटी ठेवायची, कारण मारुतीराया ऐकायला येतो. एकदा मांडलेला पाट वाचन पूर्ण होऊन "समाप्त" म्हटल्याशिवाय उचलायचा नाही. श्रुतीनं दबकत विचारलं की ही तर कादंबरी आहे, चालेल का? इंदुताईंचे खांदे हसून हलले.

"मग मारुतीरायाला तरी कधी चेंज मिळणार?"

श्रुतीनं पाट मांडला. खोलीच्या खिडक्यांना इंदुताईंच्या डोळ्यासाठी जाड चादरी लावलेल्या होत्या. दाराशी खुर्ची, तिच्याजवळ छोटा दिवा, पलीकडे भिंतीशी इंदुताईंचा पलंग, आणि मधे तो पाट. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता.

ती कादंबरी पहिल्याच दुपारी घसरली. श्रुती थांबली आणि का थांबली ते तिनं सांगितलं. इंदुताई खूष झाल्या. शाळेत तिच्या आईला एक मत धड सांगता यायचं नाही, असंही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक आलं, तेही अर्ध्यात सुटलं. मग तिसरं. पाट मात्र तिथेच होता. वाचन कुठलंच पूर्ण झालं नव्हतं, तर उचलणार कसा?

तिसरं पुस्तक वाचताना पहिल्यांदा आवाज आला. नायक समुद्राकडे पाहून आयुष्यावर भाषण देऊ लागला, आणि लाकडावर बोटाचं पेर आपटावं तसं झालं... टक्.

श्रुतीला वाटलं, पाल असेल. ती पुढे वाचू लागली. भाषण लांबलं. टक्, टक्. ती जिथे मनात नाक मुरडत होती, नेमकी तिथेच. भीती वाटायच्या आधी तिला अभिमान वाटला. आजवर तिच्या मताशी इतकं तंतोतंत कुणी जुळलं नव्हतं.

वाटीतलं पाणी रोज आटलेलं असायचं. उन्हाळाच तसा होता. पण वाळ्याच्या वासात आता दुसरा एक वास मिसळू लागला होता, पावसात भिजून घडीतच वाळलेल्या कपड्यांसारखा. आणि पाट पलंगाच्या बाजूला सरकत होता. श्रुतीनं तो खोलीच्या मधोमध मांडला होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

मग एका दुपारी ती आली तर इंदुताई पलंगावर उठून बसलेल्या. नीलम बँकेत न जाता घरी थांबली होती आणि रडकुंडीला आली होती. इंदुताई रात्री सारख्या दचकून उताण्या होत होत्या. सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर रागावले होते. पडदा एका कडेनं पुन्हा उचलला जातोय, आणखी चार रात्री अशाच गेल्या तर हाती काही राहणार नाही.

नीलमनं त्यांना पुन्हा पालथं झोपवलं. मग इंदुताई हळूच बोलल्या.

"रात्री कुणीतरी पायाशी येऊन बसतं, श्रुती. काही करत नाही. नुसतं विचारतं... पुढे?"

"मारुतीराया असेल, आई," नीलम उगाच धीर द्यायला म्हणाली.

"तो नव्हे. मारुतीला कथा पाठ असते. तो पुढे असं विचारत नाही. हा... हा पहिल्यांदाच ऐकतोय."

नीलमनं आदल्या रात्री पाट उचलून माळ्यावर टाकून पाहिला होता. त्या रात्री तर इंदुताईंना क्षणभर डोळा लागला नाही. पहाटे तिनं स्वतःच तो परत आणून ठेवला. आता ती श्रुतीचा हात धरून म्हणाली, "तू सगळ्या आध्या सोडल्यास ना? अगं, एक तरी पूरी कर. किस्सा खतम."

श्रुतीनं त्या दुपारी समुद्राकडे पाहणाऱ्या नायकाची कादंबरी पुन्हा उघडली. आयुष्यात पहिल्यांदा ती न आवडलेलं पुस्तक शेवटाकडे ओढत नेत होती, भराभरा, शब्द गिळत. पाटावर आधी पेर वाजत होतं, मग मूठ. शेवटच्या पानावर सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा केली तेव्हा वाटी लवंडली आणि पलंगाच्या खालून घरंगळत श्रुतीच्या पायाशी आली. ती "समाप्त" म्हणाली. तिचं तिलाच ते पटलं नाही. पाट उचलायला गेली तर तो हलेना, त्यावर कुणी बसलेलं असावं तसा.

परत जाताना ई-रिक्षात एक गोष्ट तिला स्वच्छ कळली होती. जो कुणी आहे त्याला नुसता शेवट नकोय. त्याला चांगला शेवट हवाय. आणि चांगलं काय, हे ओळखणारं या गावात कुणी असेल तर ती स्वतः आहे.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि कधी नव्हे ते स्वतःहून बोलली. सुमनताईंना म्हणाली, मला अशी कादंबरी द्या जी मी सोडणार नाही. सुमनताईंनी खूप वेळ शोधून एक जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक काढलं. लेखकाचं नावही त्याबरोबरच गेलं होतं.

ती गोष्ट एका स्टेशनमास्तरची होती. लहानसं स्टेशन, दिवसातून एक गाडी. एका सकाळी त्याची बायको काही न बोलता ट्रंक घेऊन त्या गाडीत बसून निघून गेलेली, आणि त्यानं स्वतः झेंडी दाखवलेली. पुढे वर्षानुवर्षं तो रोज त्याच गाडीला झेंडी दाखवतो. श्रुती वाचत गेली, दोन दुपारी, आणि पाटावर एकदाही आवाज झाला नाही. खोली कान देऊन ऐकत होती. त्या दोन्ही रात्री इंदुताई निवांत पालथ्या झोपल्या.

तिसऱ्या दुपारी आँधी आली. चार वाजता बाहेर पिवळा अंधार झाला, टिनाचे पत्रे खडखडू लागले, आणि वीज गेली. कूलर थांबल्यावर खोलीत एकदम इतकं शांत झालं की इंदुताईंचा श्वास ऐकू येऊ लागला. आणि त्याशिवाय आणखी एक श्वास.

श्रुतीनं मोबाइलचा टॉर्च लावला. गोष्टीतली ती रेल्वेलाइन आता बंद होणार होती. शेवटची गाडी फलाटाला लागत होती, आणि एका डब्याच्या दारात तोंडावर पदर घेतलेली एक बाई उभी होती. स्टेशनमास्तर तिच्याकडे पाहतो... श्रुतीनं पान उलटलं.

पुढे पुठ्ठा होता. पानंच नव्हती.

"पुढे?" इंदुताईंनी विचारलं. आणि त्यांच्या आवाजाच्या किंचित मागून तोच शब्द पुन्हा आला. पाट घासत पुढे सरकल्याचा आवाज झाला. इंदुताईंनी दोन्ही हातांनी उशी घट्ट धरली. "श्रुती... पायावर काहीतरी आहे माझ्या. मी उठते."

"उठू नका," श्रुती म्हणाली. तिचा आवाज वर्गात कधी निघाला नव्हता तसा निघाला. "संपलेली नाही अजून. ऐका."

ती पुस्तकात पाहत असल्यासारखी बोलू लागली. म्हणाली, बाईनं पदर बाजूला केला. ती त्याची बायको होती. ती म्हणाली, मी चुकले...

टक्.

"नाही," श्रुती म्हणाली, "तसं नाही झालं." हे वाक्य कुणी लिहिलं असतं तर तिनं तिथेच पुस्तक मिटलं असतं. ती पुन्हा बोलू लागली. ती बाई कुणी तिऱ्हाईतच निघाली, आणि मास्तर ढसाढसा...

टक्. टक्. इंदुताई कण्हल्या.

श्रुतीनं टॉर्च बंद केला. डोळे मिटले. आजवर तिनं जेवढी पुस्तकं टाकली होती ती सगळी कुठे बिघडली ते तिला माहीत होतं. लेखकाला वाचकाला खूष करायची घाई झाली, तिथे. तिला आता तीच घाई झाली होती. ती थांबली. बाहेर वाऱ्यानं कुठलातरी दरवाजा आपटला, तरी ती बोलली नाही. मग अगदी सावकाश, एकेक शब्द पारखून घेत, ती म्हणाली,

"मास्तरनं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. तो वळला, तिच्याकडे पाठ केली, आणि हिरवी झेंडी दाखवली. गाडी निघाली. शेवटचा डबा फलाटावरून गेला तरी त्याचा हात वरच होता."

अंधारात काही वाजलं नाही.

"समाप्त," श्रुती म्हणाली. या वेळी ते तिला पटलं होतं. तिनं वाकून पाट उचलला. तो पिसासारखा हलका होता. तो भिंतीला टेकवून ती दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. बऱ्याच वेळानं वीज आली, कूलर घरघरला, आणि तिनं पाहिलं तर इंदुताई पालथ्याच गाढ झोपल्या होत्या.

पडदा चिकटला. डॉक्टर म्हणाले, पेशंट चिवट आहे. पंधरवडा उलटल्यावर इंदुताई उशीला टेकून सरळ बसल्या आणि सुमनताई त्यांना भेटायला आल्या. इंदुताईंनी सगळं सांगितलं, नीलमनं मधे मधे भर घातली. श्रुती कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते. सुमनताई तिला म्हणाल्या की चाळीस वर्षं पुस्तकं देतेय, पण वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याला असं हरवलेलं पाहिलं नाही. आता तूच लिहायला लाग. मग त्यांनी तो शेवट ऐकायला मागितला.

इंदुताईंना तो तोंडपाठ होता. त्यांनी घड्याळ सांगितलं, झेंडी सांगितली, वर राहिलेला हात सांगितला. आणि पुढे म्हणाल्या, "आणि मागे, फलाटावर, कुणीतरी ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज झाला."

सुमनताईंनी डोळ्याला पदर लावला. श्रुतीनं ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं, नेहमीच्या कठोरपणानं. त्यात तिला खोट सापडेना. त्या एका वाक्यानं सगळी गोष्ट उभी राहिली होती.

सुमनताईंना सोडायला नीलम जिन्यापर्यंत गेली तेव्हा श्रुती पलंगाजवळ आली. ते शेवटचं वाक्य तुम्ही जोडलंत का, असं तिनं विचारलं. विचारताना तिला वाटलं, त्यांनी हो म्हणावं.

इंदुताई हसल्या. "मी कुठली जोडतेय? तूच म्हणालीस की. समाप्त म्हटल्यावर, माझ्या कानाशी वाकून. तुझाच तर आवाज. डोक्यावर हात ठेवलास माझ्या... इतक्या उकाड्यात केवढा गार हात." त्यांनी चाचपडत श्रुतीचं उबदार मनगट धरलं, आणि त्या जरा थबकल्या. मग लाडानं म्हणाल्या, "आणि जाताना म्हणालीस ना, आता पुढची मी सांगेन, तुम्ही दोघी ऐका, म्हणून. दुसरी कोण, ते काही कळलं नाही मला. मग? कधी सुरू करतेस?"