परक्या शिट्टीची भाकर

ऐका तर. त्या दिवशी सुरेखा गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन वाळूजच्या नव्या फ्लॅटवर आली, तेव्हा तिच्या सासूबाई गार तव्यापुढं गुमान बसलेल्या. द्वारकाबाई तशा हट्टी नव्हत्या हो! पण घर बदललं आणि त्यांचं जेवणच तुटलं. कपभर चहा, बस्स.

जुनं घर मुकुंदवाडीला, रुळांना लागून. सासरे बद्रीनाथ निजामाच्या वेळच्या, अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीवर वाफेचं इंजिन चालवायचे. तेव्हा दर ड्रायव्हरची शिट्टी मारायची तऱ्हा निराळी, आणि बायकांना आपापल्या माणसाची शिट्टी पाठ. लांबून ती वाजली की घरात तवा चढायचा. माणूस हातपाय धुऊन बसला की ताटात गरम भाकर. पुढं लाइन मोठी झाली, वाफेची इंजिनं भंगारात गेली, बद्रीनाथही गेले. पण द्वारकाबाईंना रोज दिवेलागणीला त्यांची शिट्टी ऐकू यायची. त्या भाकर टाकायच्या, ताट वाढायच्या आणि मगच सुखानं दोन घास खायच्या. "आई, गाड्या तर दिवसभर शिट्ट्या मारतात," असं मुलगा विश्वजीत म्हणायचा. सुरेखा त्याला डोळ्यांनीच दटावी. सुखात असलेल्या माणसाला कशाला डिवचा?

वाळूजला मात्र कंपन्या होत्या, खाली खाम नदी होती. रेल्वेचं नाव नव्हतं.

"त्यांला हितला पत्ता कोण सांगंल गं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "उपाशी हिंडत असतील."

सुरेखाला भडभडून आलं. विश्वजीतला तो आठवडा रातपाळी होती. ती आतल्या खोलीत गेली, मोबाइलवर एका जुन्या इंजिनाची शिट्टी शोधली आणि मोठ्यानं वाजवली. मग धावत बाहेर आली. "आत्याबाई, आली बघा शिट्टी!"

द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"ही त्यांची नाय." मग हळूच म्हणाल्या, "पोरी... कुणाला बोलावलंस तू?"

सुरेखा काही बोलणार, तोच खामच्या अंगानं तीच शिट्टी वाजली. मोबाइल तिच्या हातात, बंद. खिडकीतून ओल्या कोळशाचा वास आला आणि ती दोन पावलं मागं सरली.

"खिडकी... लावून घेऊ?"

"आता लावून काय उपेग? बोलावलेलं माणूस उपाशी धाडत्यात व्हय? मळ पीठ."

सुरेखानं भाकरी थापल्या. द्वारकाबाईंनी ठेचा वाढला, दार किलकिलं केलं, ताट उंबऱ्याशी सरकवलं. जिन्यात जड पावलं वाजली. दाराशी थांबली. सुरेखानं डोळे गच्च मिटून घेतले. भाकर मोडल्याचा आवाज आला, मग सावकाश चावल्याचा. आणि सासूबाई पाहुण्याशी बोलावं तशा बोलत होत्या, "भाऊ, बद्रीनाथ डायवर भेटले तर तेवढं सांगा... आमी हितं राहाय आलोत म्हणून."

चावणं थांबलं. मग नुसतं एक "हूं".

तिनं डोळे उघडले तेव्हा ताट लख्ख होतं आणि काठावर बोटांचे काळे ठसे. द्वारकाबाई मात्र त्या दिवशी पोटभर जेवल्या आणि ढेकर देऊन निजल्या. सुरेखाला भीती वाटलीच, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नदीकडून शिट्टी झाली. दोन आखूड, एक लांब. सुरेखानं मोबाइलला हातही लावला नव्हता. द्वारकाबाईंचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला.

"आले गं! हेच ते!"

सुरेखा हसतच तवा ठेवायला उठली. एवढ्यात मागोमाग दुसरी शिट्टी वाजली, निराळीच. मग तिसरी. मग खामच्या काठानं लांबवर, एकामागून एक, वाजतच राहिल्या.

"अगं बाई!" सासूबाईंनी पिठाचा डबाच परातीत उपडा केला. "ह्यांनी तर समद्या लाइनीलाच पत्ता सांगितला!"

आणि जिन्यात पावलं वाजायला लागली.