चावी अरमानच्या खिशात होती

हे खरं घडलंय. माझ्यासमोर घडलंय. कुणाला पटो न पटो, माझ्या उजव्या तळहातावरची कातडी अजून धड आलेली नाही, त्यामुळे मला पुरावा शोधत बसावं लागत नाही.

गेल्या वर्षीचा जून. गुरुवार. वेळ दुपारी दीडची.

हो, दुपारची. असल्या गोष्टी रात्रीच होतात असं समजणाऱ्यांनी एकदा मस्कतचा जून बघावा. पंचेचाळीस डिग्रीत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रात्री निदान चहाची टपरी तरी उघडी असते.

मी उस्मान. मूळचा रत्नागिरीकडचा. एकोणीस वर्षं इथे बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. समुद्राजवळ आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, यार्ड आहे, पत्र्याची एक मोठी शेड आणि तिच्यात ट्रेलरवर चढवलेल्या बोटी. माझ्या हाताखाली अरमान होता. माझ्या बहिणीचा, उजमाचा नवरा. त्याला मीच इथे आणला. तिघं वादी अदाईला एकाच घरात राहायचो.

तो पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा उजमा दारात उभी राहून मला म्हणाली होती, "भाय, याला जरा संभाळ हां. याला कायपण करायची घाई असते."

आणि घाई केली कुणी? मी.

बोट शिरीष साहेबांची होती. ते मदिनत सुलतान काबूसला राहायचे, मोठ्या कंपनीत नोकरीला. हिवाळ्यात हौसेनं जुनी बोट घेतली. इंजिन बोटीच्या पोटात, आणि मागे पाण्यात उतरणारा लोखंडी पाय. त्या पायाला पंखा. पंचवीस वर्षांचं धूड ते. शाळांना सुट्टी लागली की ही मंडळी दोन महिने भारतात जातात, आणि खारं पाणी आत ठेवून इंजिन उभं राहिलं की आतून गंजून जातं. म्हणून जाण्याआधी गोड्या पाण्यानं धुवायचं, सगळं पाणी काढून टाकायचं, आत तेल फवारायचं, बॅटरी सोडवायची.

"उस्मानभाई, संध्याकाळी फ्लाइट आहे," साहेब फोनवर म्हणाले, "चार वाजता चावी न्यायला येतो. होईल ना?"

"होईल साहेब, इन्शाल्ला."

आमच्याकडे दोन नियम आहेत. इंजिन धुण्याआधी पंखा काढायचा. आणि मागे जो हात घालणार, चावी त्याच्याच खिशात राहणार. दुसऱ्या कुणाच्या नाही. सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही.

पंख्याचा नट मिठानं असा धरला होता की अरमान पान्यावर उभा राहिला तरी हलेना.

"राहू दे," मी म्हटलं. "दहा मिनिटांचा काम हाय. पंखा असू दे."

ही माझी चूक. ती मी पोलिसांपुढे कबूल केली, इथेही करतो.

साडेबाराला दुपारची सुट्टी झाली. उन्हाळ्यात साडेतीनपर्यंत उघड्यावर काम बंद असतं. सगळे गेले. आम्ही दोघं शेडमध्येच थांबलो.

पायाच्या दोन्ही बाजूंना रबरी वाट्या बसवल्या, त्यातून गोडं पाणी सोडलं. मी वर चढून गिअरचा दांडा मधोमध ठेवला, म्हणजे पंखा फिरत नाही, आणि चावी फिरवली. इंजिन चालू झालं.

सगळं ठीक होतं.

पण त्या धडधडीत अजून एक आवाज होता...

ठक. ठक. ठक.

आतून. कुणीतरी लाकडावर मूठ आपटावी तसा.

"अरमान, तू ठोकतोस काय?"

"नाय भाय! मी पाणी बघतोय!"

जुनं इंजिन, काहीतरी सैल असेल, असं मी मनाला सांगितलं. दहा मिनिटं झाली. चावी बंद केली.

इंजिन बंद झालं नाही...

चार-पाच सेकंद तसंच धडधडलं, मग थांबलं. तापलेलं जुनं इंजिन कधी कधी असं करतं. मी शंभरदा बघितलंय. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

चावी काढून मी अरमानला दिली. त्यानं ती वरच्या खिशात टाकून बटण लावलं. मी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, बॅटरी उचलून खाली जमिनीवर ठेवली. इंजिनचे बूच काढले. पाणी वाहून गेलं. वरचं झाकण उघडून तेल फवारायची तयारी केली.

"भाय, हिकडे बघा," अरमान खालून म्हणाला.

पंख्याच्या मागे नायलॉनची दोरी गुंडाळली होती. ते नेहमीचंच, जाळ्याचे तुकडे अडकतात. पण दोरीत कापड होतं. निळं. जाड.

अरमाननं थोडं ओढून काढलं. बाही होती. तिला बटण होतं. आम्ही दोघांनी अंगात घातलं होतं, तसल्याच कामाच्या कपड्याची बाही.

"कोणाची असेल?"

"कोणाची का असंना. काप आणि काढ. यल्ला, चल लवकर."

तो सुरी घेऊन खाली बसला. मी पाण्याचा नळ बंद करायला गेलो. नळ शेडच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस पावलांवर.

नळ फिरवताना माझ्या लक्षात आलं...

शेजारच्या यार्डातला कॉम्प्रेसर बंद झाला होता. पत्र्यावर दिवसभर कावळे नाचतात, ते नव्हते. समुद्राचा आवाज नव्हता.

काहीच नव्हतं.

आणि मग इंजिन सुरू झालं.

बॅटरी जमिनीवर. चावी अरमानच्या खिशात. आत पाण्याचा थेंब नाही. आणि ते एका झटक्यात पूर्ण वेगानं गरजलं.

अरमानची किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही.

मी धावलो. पंखा फिरत होता. नायलॉनची दोरी त्याच्या मनगटाला वेढली होती आणि त्याला आत ओढत होती. तो दुसऱ्या हातानं ट्रेलर धरून मागे रेटत होता, पाय फरशीवर घसरत होते. प्रत्येक फेऱ्याला रक्ताचा फवारा उडत होता. माझ्या तोंडावर. पत्र्यावर. हाड फुटल्याचा आवाज इंजिनावरूनही ऐकू आला.

मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. तो ओरडला, "सोडा! तुटतोय!"

मी त्याला सोडलं आणि शिडीवरून वर चढलो.

बोटीत कुणी नव्हतं.

गिअरचा दांडा पूर्ण पुढे होता. मी तो दोन्ही हातांनी मागे ओढला...

तो परत पुढे गेला.

मी पुन्हा ओढला. दांड्याच्या पलीकडून कुणीतरी ढकलत होतं. ताकदीनं. माणसाच्या ताकदीनं. मी पाय टेकवून, दात खाऊन ओढत होतो आणि माझ्या तोंडावर कुणाचातरी श्वास येत होता. खारट. थंड. पंचेचाळीस डिग्रीत थंड!

मी शिव्या दिल्या. कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागलो, अर्ध्यावर विसरलो. पाना घेऊन दांड्यावर घाव घातले, एक घाव माझ्याच गुडघ्यावर बसला. बोट ट्रेलरवर उड्या मारत होती. खालून अरमान आता ओरडतही नव्हता.

मग मला वरचं उघडं झाकण दिसलं. इंजिन तिथून हवा ओढतं. हवा बंद केली की कसलंही इंजिन मरतं.

मी फडकं टाकलं. त्यानं फडकं गिळलं.

मी हात ठेवला.

तळहात आत खेचला गेला. कातडी सुटत होती ते मला कळत होतं. मी सगळं वजन त्या हातावर टाकलं. इंजिन अडखळलं, खोकलं, माझ्या हाताखाली धडपडलं... आणि मेलं.

शांतता.

मग कुणी हात न लावता गिअरचा दांडा मधोमध आला.

टक.

अरमान जगला. उजवा हात मनगटापासून गेला. हॉस्पिटलात त्याचे कपडे कापून काढले, तेव्हा वरच्या खिशाला बटण तसंच लागलेलं होतं आणि चावी आत होती. पोलिसांनी बॅटरी बघितली, तारा बघितल्या, मला चारदा तेच विचारलं. शेवटी पंखा काढला नाही ही माझी चूक, एवढंच कागदावर आलं. शिरीष साहेबांनी भारतात जाणं रद्द केलं, दोनदा हॉस्पिटलात येऊन गेले. बोट त्यांनी ज्याच्याकडून घेतली होती, त्याचा फोन लागला नाही.

सहाव्या दिवशी अरमान बोलला. मी खुर्चीवर बसलो होतो, उजमा त्याला पाणी पाजत होती. माझ्याकडे बघून तो भिंतीला सरकला.

"भाय वर होते," तो उजमाला म्हणाला. "मी मान वर करून बघितला. दांड्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांनीच गिअर टाकला."

उजमानं माझ्याकडे बघितलं.

"मी नळावर होतो," मी कसंबसं म्हटलं. "अल्लाची शपथ. मी नळावर होतो, अरमान."

"माहीत हाय," तो म्हणाला. "नळावर पण तुमीच होतात. मी दोघांना बघितला."

उजमानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भाय चांगले हायत," तो हळूच म्हणाला. "पण दारातून येतात तेव्हा कुठला येतोय ता मला कळत नाय."

त्यानंतर मी त्याच्या खोलीत गेलो नाही. महिन्याभरात उजमा त्याला घेऊन गावी गेली. मी विमानतळावर बाहेरच गाडीत बसून राहिलो. ईदला मी घरी गेलो नाही. कुणी या म्हणालंही नाही. माझी चूक पंखा न काढण्याची होती, ती मी मरेपर्यंत वागवीन. पण जे मी केलं नाही, त्याचं काय करू?

दर शुक्रवारी नमाजनंतर मी उजमाला फोन करतो. ती पहिल्याच रिंगला उचलते. सुरुवातीला अरमानची तब्येत सांगायची, भाय जेवलास काय विचारायची.

आता मी म्हणतो, "उजमा, मी उस्मान."

तिचा श्वास मला ऐकू येतो.

मग ती विचारते, "कुठला?"