न पेटणाऱ्या पऱ्हाट्या

पऱ्हाटी, म्हणजे वेचणी झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी काडी, ही मोठी उतावळी जात. ठिणगी नुसती शेजारून गेली तरी भडकायची. म्हणून आणखी एक काडी ओढून वाया गेली, तेव्हा दिगंबर फेगडे शेगडीकडे नव्हे, काडेपेटीकडे रागानं बघू लागले.

परसातली ही शेगडी त्यांनी पिंप अर्धं कापून केली होती. यावलकडच्या त्या गावात चूल पेटवून जमाना लोटला होता. विजेच्या दाबभांड्यात टाकलं की धोंडासुद्धा मऊ व्हायचा. पण सिंधूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पऱ्हाटीच्या धुरातलं भरीत मागितलं होतं. दिवाळीपासून बाई दोन्ही वेळा पोटभर जेवायची आणि तरी वाळत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिगंबरांनी तिला बाजारचा दाणा शिवू दिला नव्हता. आपल्या मळ्यातलंच, निवडून, आग्रह करकरून वाढलं होतं.

"आप्पा, पऱ्हाटीला हळदकुंकू लावा, मग ऐकेल," शेजारचे वामन नेहते म्हणाले.

"तुम्हीच फुंका. नाहीतरी गावभर कान फुंकत फिरताच."

रॉकेल ओतलं. रॉकेल जळून गेलं, पऱ्हाट्या जशाच्या तशा. बाभळीचं सरपण घातलं, ते काळवंडलंसुद्धा नाही.

त्यांची मुलगी केतकी पाणी घेऊन आली, ती तिथंच थबकली. सातपुड्यातले वणवे थांबवायला तिच्या प्रयोगशाळेनं 'काचजंतू' घडवला होता. तो झाडात राहायचा, मुळांनी ओढलेल्या पाण्यातली वाळू वेचायचा आणि पेशीपेशीला काचेचा पातळ लेप द्यायचा. मग लाकूड पेट घेत नसे.

"पण तो फक्त डोंगरात फवारला होता, आप्पा. खाली सपाटीवर तो जगत नाही."

"हे त्याला कोणी सांगितलं होतं का?" वामनरावांनी विचारलं.

दिगंबर तडक घरात गेले आणि लग्नातला पाट घेऊन आले. काचजंतूच्या जन्माआधीचं सागवान. त्यांनी कुऱ्हाड उचलली.

"अहो, पाट आहे तो आपला," ओट्यावरच्या खाटेवरून सिंधूताई म्हणाल्या.

"असू दे. पुढचा संसार उभ्यानं करू."

पाट मात्र भुकेल्यासारखा पेटला. धूर ओट्याकडे वळला आणि सिंधूताई कोपरावर रेलून उठल्या. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर भूक दिसत होती. निखारे पडले. दिगंबरांनी मळ्यातली हिरवी वांगी वर मांडली आणि साल तडकायची वाट बघत बसले.

साल तडकली नाही. काळी पडली नाही. वांगी निखाऱ्यांवर आणखीच चकाकू लागली. केतकीनं चिमट्यानं एकावर टिचकी मारली. बांगडीवर बांगडी आपटावी तसा आवाज आला. तिनं सुरी चालवली, तर सुरी वाळूत फिरल्यासारखी करकरली.



"दाबभांड्यात काचेचा चुरा होतो, म्हणून कळलं नाही," केतकी म्हणाली. "आगीलाच जे चावत नाही, ते पोटाला काय चावणार? आई जेवत होती, आप्पा. तिच्या अंगी लागत काहीच नव्हतं."

तो निवडून वाढलेला घास न् घास दिगंबरांच्या डोळ्यांपुढं आला. वामनरावांनी नकळत आपली सैल झालेली विजार वर ओढली, आणि मग ती कधीपासून सैल होतेय हे आठवून ते पांढरे पडले.

"आजपासून तिला लांबून आणलेलं द्या," केतकी म्हणाली. "आणि मला जुनं बी शोधून द्या. जंतू न शिवलेलं. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय उपाय सापडायचा नाही."

"वांग्याचं बी आम्ही राखेत घालून ठेवायचो," सिंधूताई म्हणाल्या. "चुली गेल्या, तशी राखही गेली. पण गावात एखादीच्या मडक्यात असेलही अजून."

दिगंबर उठले, पायताण न घालताच फाटकाकडे निघाले.

"अहो," सिंधूताईंनी मागून विचारलं, "मिळालं, तर ते पेरायचं कुठं?"