रुसलेला जावई इंग्रजीत

"एक मिनिट... हे विनोदी आहे का, एवढं बघून सांगता?"

मी वळून पाहिलं. विद्यानगरच्या एका मराठी ग्रंथालयात, दिवाळी अंकांच्या कपाटापाशी, एक उंच मुलगा जुना अंक माझ्यापुढे धरून उभा होता.

"का? चष्मा विसरलात?"

"नाही हो, मराठी वाचताच येत नाही मला." जराही न लाजता म्हणाला! "घरी बोलतो रोज. पण शाळा इंग्लिश मीडियमची ना. मराठी पान बघितलं की परेशान होतो."

नाव यशवंत. इथल्याच जामबागेतलं जुनं वकिलांचं घराणं. बोलता बोलता कळलं, आम्ही इंग्रजीच्या एकाच वर्गात! त्याचं मेजर अर्थशास्त्र, माझं संख्याशास्त्र, आणि मायनर दोघांचंही इंग्रजी.

"आमच्या वर्गात? तुम्ही?" तो चाटच पडला. "कधी आवाज ऐकला नाही तुमचा."

कसा ऐकेल? पुण्याच्या मराठी शाळेत शिकलेली मी. इंग्रजी कादंबऱ्या अधाशासारखी वाचायची, पण वर्गात इंग्रजी बोलायचं म्हटलं की मागच्या बाकावर लपायची. बाबांची आयटीतली नोकरी इकडे परप्रांतात आली, म्हणून आम्हीही आलो. आणि बाबांनी बजावलं होतं, "त्रिवेणी, चांगला ग्रेड आणलास तर इंग्रजी ठेव. नाहीतर पुढच्या सेमिस्टरला मुकाट्यानं डेटा सायन्स." इंग्रजी सुटणार या नुसत्या विचारानंच मला रडू यायचं.

त्यात इंग्रजीच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिलेलं. दोघादोघांनी आपल्या भाषेतली एखादी गोष्ट इंग्रजीत आणायची आणि वर्गापुढे उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यायची.

"मी वाचते, तुम्ही इंग्रजी करा," मी म्हटलं.

"हौ!" तो इतक्या घाईनं म्हणाला की मला हसू फुटलं.

मग रोज संध्याकाळी कॉलेजसमोरच्या इराणी हॉटेलात आमची बैठक. गोष्ट होती पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत रुसून बसलेल्या जावयाची. मी वाचायची. तो हनुवटीला हात लावून बघत बसायचा... पानाकडे नाही, माझ्याकडे.

"असं काय बघतोस?" तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"ऐकतोय."

"कानांनी ऐकतात."

"आमच्या जामबागेत डोळ्यांनी पण ऐकतात."

मेला! माझं बिस्किट चहात पडलं ते पडलंच.

पण एक सांगते, बाबांची अट कळल्यावर त्यानंच मला बोलतं केलं. "हे वाक्य इंग्लिशमध्ये तूच सांग. चुकलं तर चुकलं, मी एकटाच तर आहे," म्हणायचा. मी चुकायची, तो हसायचा नाही. हळूहळू जीभ सुटत गेली.

प्रोजेक्टच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचं पान काढलं. सासऱ्याच्या फजितीचं वाक्य वाचणार, तोच यशवंत खो-खो हसत सुटला.

"मी अजून वाचलंच नाहीये..."

त्यानं तोंडावर हात दाबला.

"यशवंत, तुला वाचता येतं?"

"शाळेत हिंदी होतं ना," तो मान खाली घालून म्हणाला. "अक्षरं तीच."

मी कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती!

"अडखळत येतं गं, खरंच. एका पानात घाम फुटतो. त्या दिवशी मदत पाहिजेच होती. पण नंतर तू वाचायला लागलीस, आणि मग... सांगवेना."

"बनवलंस मला! वर्गात मी कुणाच्या खिजगणतीत नाही. वाटलं, निदान इथे तरी कुणाला माझी गरज आहे." डोळे भरून आले, म्हणून तशीच उठून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभी राहिले तेव्हाही मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "सासऱ्यानं घड्याळ दिलं. जावयाला हवं ते मिळालं. मग तो अजून रुसलेलाच का?"

यशवंतला उत्तर येत होतं. पण तो एक पाऊल मागे सरकला. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

पहिला शब्द अडकला. मग म्हटलं, चुकलं तर चुकलं! आणि इंग्रजीत बोलत सुटले. "घड्याळासाठी रुसलाच नव्हता तो, मॅडम. कुणीतरी समजूत काढायला यावं, म्हणून रुसतात आमच्याकडे. परक्यावर कोण रुसेल? रुसतात ते हक्काच्या माणसावर."

बोलून गेले आणि कानशिलं तापली. कालपासून मी तरी दुसरं काय करत होते?

"ही मुलगी इतके दिवस गप्प का होती?" मॅडम म्हणाल्या. ग्रेड असा मिळाला की बाबांनी पुन्हा डेटा सायन्सचं नावच काढलं नाही. पण ते पुढे. त्या दिवशी वर्गाबाहेर यशवंत माझी वाट अडवून उभा होता.

"उत्तर येत होतं तुला. का नाही दिलंस?" मी फणकारले.

"मी दिलं असतं तर तुझं इंग्लिश सुटलं असतं. ते मला नको होतं. चुकलो, त्रिवेणी. समजूत काढायला आलोय. आणि... तू मला खूप आवडतेस. चांगल्या मराठीत हे कसं म्हणतात, मला माहीत नाही."

"असंच म्हणतात," मी म्हणाले. "पुन्हा म्हण."