अकराचा व्यायाम

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची, कुणी घेऊ नये, असं बारीक अक्षरात छापलेलं. तो कागद सहसा कुणी वाचत नाही. मी वाचते. गेली नऊ वर्षं माझं कामच ते आहे. छपाईला जाण्याआधी त्यातला प्रत्येक शब्द, प्रत्येक टिंब तपासायचं. एक शून्य जास्त पडलं तर माणूस जाऊ शकतो, असं आमच्या मॅडम सारखं म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्यामुळे माझा माझ्या नजरेवर विश्वास आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिली शंका तिच्यावरच घेतील.

दीड वर्षापूर्वी कंपनीने आमचा मजला भाड्याने दिला आणि आम्हाला घरून काम करायला सांगितलं. मला अगदी वेळेवर सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. त्याच महिन्यात अण्णांना, माझ्या वडिलांना, झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. ‘हो’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द उरले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. कात्री चालवणारा तो हात आता दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा त्यांच्या मांडीवर पडलेला असायचा. त्यांना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो.

हॉलला लागून एक अडगळीची खोली होती. त्यातल्या जुन्या पेट्या माळ्यावर टाकल्या, टेबल-खुर्ची लावली, झालं माझं ऑफिस. खिडकी नाही, छताजवळ नुसता एक झरोका. दार लावलं की हॉलमधला पंखासुद्धा ऐकू येत नसे.

व्यायाम शिकवायला दर सोमवारी एक बाई यायच्या. हातात जीव परत आणायचा तर दिवसातून दोनदा, अकराला आणि चारला, न चुकता करायला हवं, असं त्यांनी बजावलं होतं. अण्णांच्या जुन्या डब्यातली बटणं ताटलीत पसरायची. उजव्या हाताच्या तीन बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचं. मग त्यांचं मनगट धरून हात वर, खाली, वर, खाली. फ्रिजवर त्यांनी एक तक्ता चिकटवला होता. प्रत्येक वेळेपुढे खूण करायची.

“मी घरीच असते,” मी म्हणाले होते. “मीच करत जाईन.”

पहिले आठ दिवस मी केलं. नवव्या दिवशी अकराला मीटिंग लागली. मग मीटिंगा अकरालाच लागायला लागल्या. चारला छपाईखान्याचे फोन. सहाला संपायचं काम आठला संपू लागलं, मग रविवारीही ‘फक्त दहा मिनिटं’ सुरू झाली. जेवताना माझं लक्ष फोनकडे. मी घरी होते, पण घरात नव्हते. अण्णांच्या खुर्चीसमोरून जाताना मी मान खाली घालून जायची. ‘उद्यापासून’, मी मनात म्हणायची.

असे तीन-चार महिने गेले. एका सोमवारी व्यायामाच्या बाईंनी मला दारावर टकटक करून बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांच्या हातात मूठ दाबून ताकद मोजायचं यंत्र होतं.

“ताई, हे बघा,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला काटा हलत नव्हता. आज चौदावर गेला. इतकं मन लावून कुणी करत नाही हो. बाकीच्या घरांत मी तुमचंच उदाहरण देते.”

मी हसले. माझी बारा वर्षांची लेक करत असणार, असं वाटलं. तिचे पुढचे दोन दात मोठे, म्हणून अण्णांनी तिचं नाव खारू ठेवलेलं. ती शाळेतून साडेतीनला येते. संध्याकाळी तिला जवळ घेऊन म्हटलं, “शहाणी गं माझी बाय. आजोबांचा व्यायाम घेतेस, सांगितलंही नाहीस.”

“मी कुठे? तूच तर घेतेस.”

“टोमणा मारतेस का?”

“आई, तू रोज चारला बाहेर येतेस. मी तिथेच तर बसलेली असते अभ्यासाला.”

मी फ्रिजवरचा तक्ता नीट पाहिला. चारही महिने भरलेले. आणि खूण नेहमीची ‘बरोबर’ची नव्हती. छोटं वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेली तिरकी रेघ. ती खूण आमच्या विभागात ‘तपासलं’ म्हणून करतात. घरात मला सोडून कुणालाच ती माहीत नाही. वर्तुळ डावीकडे किंचित उघडं राहिलेलं. माझं तसंच राहतं.

नवऱ्याला विचारलं. तो बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावतो, सकाळी सातला जातो, साडेपाचला येतो. तो म्हणाला, “झोप कमी पडतेय तुझी.” मलाही ते पटलं. थकलेलं माणूस काम करतं आणि विसरून जातं, असं होतं म्हणे. पण अकरा ते साडेअकरा मी मीटिंगमध्ये असल्याची नोंद होती. मी बोललेली वाक्यं इतिवृत्तात होती.

म्हणून मी साधी गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी माझा फोन आवाज टिपायला लावून हॉलमधल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि आत येऊन दार लावलं. एक वाजता जेवायला बाहेर आले तेव्हा तो उचलला. परत आत येऊन, कानाला हेडफोन लावून ऐकलं.

पहिली वीस मिनिटं नुसता पंखा. मग स्टूल ओढल्याचा आवाज. ताटलीत बटणं पसरल्याचा. मग माझा आवाज.

“चला अण्णा. एक. हं, सोडा. दोन.”

वाटीत बटण पडल्याचा टण आवाज. अण्णांचा श्वास. मध्येच मी हसले. असं मी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते. आणि त्या सगळ्याच्या मागे, दूर, बंद दारापलीकडून येणारा आणखी एक बारीक आवाज होता. मला तो ओळखायला वेळ लागला. कुणीतरी भराभर टाइप करत होतं.

ती मी होते.

मी ते दोनदा ऐकलं आणि पुसून टाकलं. कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं, पण कुणाला मारणार? तेवढ्यात मॅडमचा निरोप आला. नवीन औषध बाजारात यायचं होतं, अठरा भाषांतले कागद सहा आठवड्यांत तपासून हवे होते.

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. मी काहीच केलं नाही. अण्णांचा हात सुधारत होता. खारू खूश होती. माझं काम होत होतं. आयतं होत होतं ते मी होऊ दिलं. अकरा वाजले की कधी कधी मी कानावरचे हेडफोन काढून दाराशी उभी राहायची. लाकडाला कान लावला की बटणं ऐकू यायची. कडीवर हात ठेवायची. पण उघडलं तर मग ते मला करावं लागलं असतं. मी परत खुर्चीवर येऊन बसायची.

हळूहळू ते अकरा-चारपुरतं राहिलं नाही. खारूच्या शाळेतल्या बाईंनी पालकांना बोलावलं होतं, ती तारीख माझ्याकडून चुकली. दुसऱ्या दिवशी खारू म्हणाली, “काल तू मस्त बोललीस बाईंशी.” संध्याकाळी खारू माझ्यासाठी आत चहा आणायची, तो यायचा बंद झाला. मला वाटलं, विसरली असेल.

मग एका सकाळी नवरा निघता निघता दारात थांबला. आमचं आठ महिने एका गोष्टीवरून धुसफुसत होतं. त्याला दुसऱ्या गावच्या डेपोची मोठी जागा मिळत होती, अण्णांमुळे त्याने ती सोडली. तो ते बोलून दाखवत नसे आणि मी विषय काढत नसे.

“काल तू बोललीस ते बरं केलंस,” तो म्हणाला. “मनावरचं ओझंच उतरलं.”

काल संध्याकाळी साडेआठपर्यंत मी त्या खोलीत होते.

“काय बोलले मी?” मी विचारलं. “परत सांग ना.”

तो हसला. “असं परत परत सांगायचं नसतं.” माझ्या गालाला हात लावून तो गेला. त्याने असा हात लावल्याला वर्ष झालं असेल.

मी तिथेच उभी राहिले. माझ्या नवऱ्याला कुणीतरी असं काही सांगितलं होतं जे मला सुचलं नव्हतं, आणि ते मला आता कधीच कळणार नव्हतं. बटणांचं चाललं तोवर चाललं. हे नाही.

मॅडमना कळवलं, आजपासून अकरा ते साडेअकरा आणि चार ते साडेचार मी नाही. त्यांनी नुसतं ‘बरं’ लिहिलं. इतकं सोपं होतं ते. दीड वर्ष मी विचारलंच नव्हतं.

अकराला पाच कमी असताना मी बाहेर आले. स्टूल ओढलं, ताटलीत बटणं पसरली.

“चला अण्णा.”

अण्णांनी उजवी मूठ मिटली. ती आता घट्ट मिटत होती. मी मनगट धरायला गेले तर त्यांनी हात छातीशी ओढून घेतला.

“नको.”

“अण्णा, मी आहे.”

“नको,” ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत बसले. स्टेशनवर कुणाला घ्यायला आलेलं माणूस बघतं तसे. मी साडेअकरापर्यंत बसले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठून आत गेले, दार लावलं, आणि दाराला कान लावते न लावते तोच पलीकडे पहिलं बटण वाटीत पडलं.

चारला मी आतच होते. कॉम्प्युटर बंद केला होता. खोलीत अंधार होता. मी दाराला कान लावून उभी होते. बटणं पडत होती. आणि मग दीड वर्षात न ऐकलेला आवाज आला. घोगरा, पण स्वच्छ.

“माझा चष्मा आण गं. सुईत दोरा ओवून बघतो.”

अण्णा बोलत होते. पुरं वाक्य.

“आणते,” माझा आवाज म्हणाला. “आधी बटणं तर संपवा.”

मी दार उघडलं.

उन्हाचा पट्टा फरशीवर होता. खारू वही घेऊन खाली बसली होती. अण्णा खुर्चीत होते. समोरच्या स्टुलावर कुणी नव्हतं.

अण्णांचा उजवा हात हवेत होता. कोपर कशावरही टेकलेलं नव्हतं. मनगटाभोवतीची कातडी पांढरी पडली होती, चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या. मी बघत असताना तो हात सावकाश खाली आला आणि मांडीवर ठेवला गेला. पांढरे ठसे लाल होत गेले.

“अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, पण रागही नव्हता. गिऱ्हाईक चुकून आतल्या घरात शिरलं की ते जसं पाहायचे, तसं अदबीने. मग ते स्टुलाकडे वळले.

“अगं, त्यांना काहीतरी हवंय वाटतं.”

खारू उठली. तिने फ्रॉक नीट केला. परक्या माणसासमोर ती करते तसा.

“पाणी हवंय का?” तिने मला विचारलं.

तोंड उघडलं, पण आत शब्दच नव्हता. हो नाही, नकोही नाही. मागे अंधाऱ्या खोलीत माझा फोन वाजला. कामाचा निरोप. माझे पाय मागे गेले, मी खुर्चीत बसले. फोन हातात घेतला. मॅडमनी लिहिलं होतं, ‘साडेचार झाले. आहेस ना?’

मी लिहिलं, ‘आहे.’

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. खारू पाण्याचा पेला ट्रेमध्ये ठेवून उभी होती. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. हात लांब करून तिने पेला टेबलाच्या कडेला ठेवला.

“काकू,” ती म्हणाली. “आई विचारतेय, तुमचं किती वाजता आटोपतं?”

मी तिच्या दोन मोठ्या दातांकडे बघत राहिले.

“सहा,” मी म्हणाले.

तिने मान वळवली. “सहा म्हणतायत गं.”

“बरं,” हॉलमधून माझा आवाज आला. “मग त्यांच्या चपला दाराजवळ काढून ठेव. किती महिने आतच पडल्यात, सापडायच्या नाहीत त्यांना.”