अस्सलचा रकाना

ऐक फक्त. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल.

निलोफर माहितीये ना तुला, माझ्या वर्गातली, मिरजेची? तिच्या घरी सतारी बनतात. तिचे अब्बा, इलाहीचाचा, जवारी काढतात. म्हणजे कसं, सतारीच्या तारा हाडाच्या एका पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीनं अशी घासायची, अगदी केसाएवढी, की तार नुसती टण् वाजून गप्प बसत नाही, झणझणत राहते. ती झणझण म्हणजे जवारी. प्रत्येक कारागिराची वेगळी. आणि निलूच्या आजोबांची, बडे अब्बांची, जवारी लोक डोळे मिटून ओळखायचे.

बडे अब्बा सतार तयार झाली की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी थोडी वाजवून टेप करून ठेवायचे. ते गेल्यावर निलूनं त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. बुरशी लागली होती, उतरवता उतरवताच संपल्या बिचाऱ्या. पण आवाज राहिला. तेव्हापासून चाचांचं ठरलेलं. दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, बडे अब्बांची एक टेप ऐकायची, आणि मगच कानस हातात घ्यायची. "कान जुळवून घेतो," म्हणायचे.

आता फाइली ठेवायचा तो 'कपाट' प्रोग्रॅम सगळ्यांकडेच असतो, तुझ्याकडेपण असेल. त्याच्या वरच्या टूलबारवर किती बटणं असतात बघितलंयस? चाचांना दिसतं कमी, बोटं जाडजूड. ऐकायचं बटण दाबायला जायचे आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायची. एकदा अख्खं फोल्डरच गायब झालं तेव्हा ओरडले, "निलू, हे विमान आहे का गं? मला फक्त माझ्या बापाला ऐकायचंय!"

मग निलू बसली. टूलबारवर राइट क्लिक, आणि एकेक बटण ओढून बाहेर. दोनच ठेवली, मोठी मोठी, एक हिरवं 'ऐक', एक निळं 'साफ कर'. कारण टेपमध्ये खरखर होती आणि चाचांना ती खपायची नाही. मग खाली रकान्यांची जी नावं असतात ना हेडरमध्ये, तारीख, आकार, प्रकार, त्या सगळ्यांच्या टिक काढल्या. अस्सलचीपण काढली. फक्त नाव ठेवलं, ठळक अक्षरात.

अस्सलचा रकाना माहितीये ना? फोटो असो, आवाज असो, त्यातलं किती खरंच टिपलेलं आणि किती मशीननं अंदाजानं भरलेलं, तो आकडा. नियम आला म्हणून सगळ्या प्रोग्रॅमना द्यावा लागतो. पण खरं सांग, तू तुझ्या फोनवर ठेवलायस? कोणीच ठेवत नाही. आपल्याच लग्नाच्या फोटोत आपण निम्मेच आहोत हे कोणाला बघायचंय?

आणि अजून एक केलं तिनं. 'साफ कर' दाबलं की दर वेळी एक चौकोन यायचा, मूळ फाइल बदलेल, चालेल का? चाचा वैतागायचे. तिनं 'पुन्हा विचारू नका'वर टिक केली. चाचा एवढे खूश, "आता कसं, माणसासारखं झालं," म्हणाले, आणि गल्लीत सगळ्यांना बोलावून दाखवलं.

झालं. रोज सकाळी ऐक, साफ कर. ऐक, साफ कर.

आधी ते बटण नुसती खरखर काढायचं. मग कधीतरी अपडेट आलं आणि काढलेल्या जागी ते स्वतः भरायला लागलं. आता तूच विचार कर, जवारी म्हणजे काय? झणझण. मशीनच्या लेखी तीपण खरखरच! रोज थोडी झणझण जायची आणि तिथं जगभरातल्या सगळ्या सतारींचा मिळून एक गोड गुळगुळीत आवाज येऊन बसायचा. सगळं एका दिवसात बदललं असतं तर कळलं असतं गं. पण रोज एवढंसंच. आणि चाचांचा कान रोज त्याच्याच मागे मागे.

हो हो, बॅकअप. माहीत होतं विचारशील. बॅकअपपण आपोआप बदलत होता. नवी फाइल आली की जुनी पुसायची, तीच सोय होती त्याची.

गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली. एकजण तर तोंडावर म्हणाला, "चाचा, तुमची सतार आता कारखान्यातल्यासारखी वाजते." चाचांनी हाताला दोष दिला. जेवताना हात पुढे धरून बघत बसायचे, थरथरतो का म्हणून. दुकान बंद करायचं म्हणत होते.

आणि तेवढ्यात धारवाडहून एक बाई आल्या, जयलक्ष्मी देसाई. बडे अब्बांनी बनवलेली सतार घेऊन. पेटीत कापडात गुंडाळलेली एक जादा घोडी, बडे अब्बांनीच घासून दिलेली, कधी बसवलीच नव्हती. निलू म्हणाली, माझ्या अंगावर काटा आला. कारण घोडी वाजून वाजून झिजते, मग पुन्हा घासावी लागते, त्यामुळे बडे अब्बांच्या हातची जवारी तशी कुठे उरलेलीच नाही. आणि ही कोरी!

चाचांनी ती बसवली, तार छेडली. आणि मान हलवली.

"ही बडे अब्बांची नाही."

"अब्बा, त्यांच्या पेटीत, त्यांच्या कापडात..."

"कापड त्यांचं असेल. आवाज कोणीतरी बिघडवलाय. रोज ऐकतो मी त्यांना. तू मला शिकवतेस?"

टेप लावली आणि कानस घेतली. थोडं घासायचं, टेप ऐकायची, परत घासायचं.

निलू तिथंच बसून, देसाईबाईंना एक टेप द्यायची म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवत होती. नवा लॅपटॉप, सगळे रकाने जसेच्या तसे. नावापुढे दिसलं, अस्सल, सहा टक्के. तिला वाटलं या एकाच टेपचं काहीतरी झालं असेल. दुसरी बघितली. चार. तिसरी. तीन. फाइलीचा इतिहास उघडला तर खालपर्यंत नुसतं साफ केले, साफ केले, साफ केले.

ती उठली गं. खरंच उठली. तोंड उघडलं.

"निलू! आता ऐक."

चाचांनी तार छेडली, मग टेप. तार, टेप. तंतोतंत. एक कण फरक नाही. आणि चाचा रडत होते. "हात गेला नाही माझा. मला वाटलं होतं गेला. बघ, त्यांच्यासारखीच निघाली."

हाड घासलं की परत येत नाही. निलू म्हणाली, "वा, अब्बा."

रात्रभर तिला झोप नाही. सकाळी चाचांच्या आधी दुकानात जाऊन तिनं अस्सलचा रकाना लावला. पहिल्या जागी, नावाच्याही आधी, मोठ्या लाल अक्षरात. स्वतः सांगायचा धीर नव्हता, म्हटलं त्यांनीच विचारावं.

चाचा आले, उदबत्ती लावली, स्क्रीनजवळ डोळे नेले. "हे सहा कसलं गं?"

किती खुशीत विचारलं माहितीये? रात्री पोटभर जेवले होते, कितीतरी दिवसांनी.

"काही नाही अब्बा, फाइलीचा नंबर आहे," ती म्हणाली आणि हेडरवर जाऊन टिक काढून टाकली. निळं बटण तेवढं गुपचूप काढलं. पण आता ते काढून काय होणार?

आणि खरी गंमत पुढे आहे, गंमत कसली म्हणा. देसाईबाईंनी साताऱ्यातल्या त्यांच्या मैत्रिणीला सांगितलं. तिच्याकडेही बडे अब्बांची सतार आहे, कधीच न वाजवलेली, आजेसासूची आठवण म्हणून भिंतीवर टांगलेली. ती सोमवारी जवारी काढून घ्यायला ती सतार घेऊन येतेय. चाचांनी कानशीला आत्ताच तेल लावून ठेवलंय. ही वाचवायची तर चाचांना सांगावं लागणार की धारवाडची घोडी, बापाच्या हातची, त्यांनीच आपल्या हातानं संपवली. नाही सांगितलं तर ते हसत हसत हीपण घासणार.

काल फोनवर निलू मला म्हणाली, "तू सांग, मी काय करू?" मी म्हटलं, थांब, एकीला विचारून सांगते.

तू काय केलं असतंस गं?